वाकड्या खोलीतलं सरळ स्टूल

माझ्या मुलीला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. मी पाळणा एकच करून ठेवला होता. दुसऱ्यासाठी घाईघाईने वखारीत लाकूड शोधायला गेलो, तिथे टीव्हीच्या स्टुडिओतला एक माणूस फळ्या निवडत उभा होता. माझी ओळख निघाल्यावर तो म्हणाला, "मिस्त्री, एक खोली करून हवी आहे. पण वाकडी."

मी म्हटलं, "वाकड्या खोल्या करणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडे लोक त्या सरळ करून घ्यायला येतात."

"ही मुद्दाम वाकडी करायची आहे. आणि वाकडेपणा मोजून घेणार आहेत."

मला गंमत वाटली. पाळणा झाल्यावर मी स्टुडिओत गेलो.

परदेशात एक विनोदी खेळ टीव्हीवर फार चालला होता आणि त्याची आपल्याकडची आवृत्ती निघायची होती. खेळ असा. स्टेजवर एक बैठकीची खोली उभी करायची. दार, खिडकी, टेबल, खुर्च्या, भिंतीवर चित्र, सगळं नेहमीचं. मात्र ती खोली जमिनीसकट एका बाजूला कललेली, तीही थोडीथोडकी नाही, लहान मुलांच्या घसरगुंडीइतकी. समोरचा कॅमेराही तितकाच कलता. त्यामुळे टीव्हीच्या पडद्यावर खोली अगदी सरळ दिसते, आणि आत आलेली माणसं मात्र काही कारण नसताना एका भिंतीकडे ओढली जातात. दार वरच्या अंगाला. खालच्या अंगाच्या भिंतीत जाड फोम भरून त्यावर रंगवलेलं कापड ताणायचं, म्हणजे आदळणाऱ्याला लागत नाही. नटांनी आत काही झालंच नाही असं दाखवत प्रसंग करायचा. बाहेरून सूत्रसंचालक माइकवर हुकूम सोडणार: पाणी आणा, खिडकी उघडा, खुर्चीत बसा. खेळणाऱ्यांना खोली आधी दाखवायची नाही हा मोठा नियम होता.

खेळ ज्या कंपनीचा होता तिने एक बाई पाठवली होती. उंच, आखूड पांढरे केस, गळ्यात दोरीला चष्मा. सगळं नियमाप्रमाणे होतंय की नाही हे बघणं तिचं काम. आम्ही तिला नियमबाई म्हणायचो, अर्थात तिच्या माघारी. तिच्याबरोबर एक दुभाषी मुलगी असायची. बाई एक वाक्य बोलली की मुलगी दोन बोलायची, त्यातलं दुसरं बहुधा तिचं स्वतःचं असावं.

आराखड्यावरचं लिखाण मला कळत नव्हतं. तेव्हा मला आपल्या भाषेतलंही धड वाचता येत नव्हतं, ते पुढे आलं. पण रेषा कळायच्या. त्या रेषांवरून एक गोष्ट मी पक्की समजून घेतली होती: या खोलीत सगळं जमिनीला काटकोनात असलं पाहिजे. टेबल, खुर्ची, खिडकी, चित्र, सगळं खोलीबरोबर कललेलं. ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, टांगून काही बघायचं नाही, पाणसळ लावायची नाही. पाणसळ म्हणजे ती बुडबुड्याची पट्टी, जी आडवी धरली की सपाटी कळते. चाळीस वर्षं ती माझ्या मागच्या खिशात होती. मी ती पहिल्याच दिवशी घरी ठेवली, न जाणो हात जायचा.

त्या खोलीत काम करणं हा वेगळाच प्रकार होता. पडलेली पेन्सिल शोधायला वाकायचं नाही, सरळ खालच्या भिंतीपाशी जायचं. पेन्सिली, खिळे, माझा चष्मा, सगळी मंडळी तिथे जमलेली असायची. डोळे म्हणायचे भिंती सरळ आहेत, पाय म्हणायचे काहीतरीच काय. संध्याकाळी बाहेर आलो की रस्ता तिरका वाटायचा. घरी जेवताना मी वाटीला हात लावून धरायचो. आमची ही म्हणाली, "वाटी पळून नाही जात. तुम्ही आज कुठे गेला होता ते सांगा आधी."

आता अक्काचं सांगतो.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं सगळं आयुष्य नाटकात गेलं. हसवायच्या भूमिका करायची: खाष्ट सासू, घरमालकीण, शाळेतली बाई. तिचं वैशिष्ट्य म्हणजे ती कधी धावली, पडली, ओरडली नाही. इतर सगळे धडपडत, आणि अक्का मधोमध उभी राहून त्यांच्याकडे नुसती बघायची. लोक त्या बघण्याला हसायचे. पुढे नाटक कंपनी बंद पडली. त्यानंतर न्हाणीघरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी आत पट्टी बसवली. "बाळ्या, माझ्या अंगात तुझ्या कपाटापेक्षा जास्त स्क्रू आहेत," असं ती मला सांगायची. साठीला टेकलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारी ती एकटीच उरली होती.

हाड जुळलं, पण काम नव्हतं. ती घरात बसून दाजींना विनोद सांगायची. दाजी, म्हणजे तिचे यजमान, शिंपी. ते मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "हा झालाय." एकदा ती मला म्हणाली, "हसवायला समोर परकी माणसं लागतात रे. घरातली माणसं काय, जेवायला मिळेल म्हणूनही हसतात." हे बोलताना ती हसत नव्हती.

तिला या खेळाचं कळलं ते माझ्याकडूनच. मी एवढंच सांगितलं होतं की परदेशी विनोदाचं काम आहे. दुसऱ्या दिवशी ती माझा डबा घेऊन स्टुडिओच्या दारात हजर. डबा मी सकाळी स्वतः नेला होता. तिथे निर्माता भेटला, मोजे न घालता बूट घालणारा तरुण माणूस. त्याने तिला ओळखलं. त्याची आई त्याला लहानपणी तिची नाटकं दाखवायला न्यायची. चाचणीच्या प्रयोगाला पाच जण घेणार होते, त्यातले चार पुढे कायम होणार. चाचणीसाठी चार तरुण आधीच ठरले होते. पाचवी जागा त्याने अक्काला दिली.

"माझ्या खुब्यात लोखंड आहे," अक्काने सांगून टाकलं.

निर्मात्याने तिच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "ताई, खरं सांगू का, यात पडावं लागतं."

"कुणी सांगितलं? पडू नये म्हणून धडपडावं लागत असेल. पडलेल्या माणसाला कोण हसतं, फार तर उचलतात."

हे त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण तो हो म्हणाला. बाहेर आल्यावर अक्का माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबली. "ही शेवटची संधी आहे बघ. यांनी नको म्हटलं तर पुन्हा मला कुणी बोलावणार नाही, आणि मीही जाणार नाही."

त्या संध्याकाळी दाजींनी मला गाठलं. "मेव्हणे, एकच सांगा. उतार उजवीकडे आहे की डावीकडे? तिचा डावा खुबा आहे."

मी सांगणार होतो. पण आतल्या खोलीतून अक्का म्हणाली, "सांगू नकोस रे. मला माहीत असलं तर माझं तोंड खोटं बोलेल. लोकांना ते लगेच कळतं."

"लोकांना तोंड कळेल," दाजी म्हणाले, "मला खुब्याचं पडलंय."

"मग तुम्ही बाजूला बसून खुब्याकडे बघा."

चाचणीच्या दिवशी सकाळी नियमबाईने खोली तपासली. गुण्या, म्हणजे आमचा काटकोन तपासायचा लोखंडी कोन, तो प्रत्येक कोपऱ्यात लावून बघितला. एक स्टूल तेवढं राहिलं होतं, कारण त्याचा रंग ओला होता. दाराच्या आत दोन पावलांवर ते बसवायचं होतं. रंग सुकेपर्यंत दुपार झाली. प्रेक्षक बाहेर येऊन थांबले, कुणीतरी "आवरा, आवरा" करत होतं. मी स्टूल उचललं, आत नेलं, खुणेवर ठेवलं. ते एका अंगाला कललेलं दिसलं. मी करवत घेतली, वरच्या अंगाचे दोन पाय वीतभर कापले, पुन्हा ठेवलं, वर हात फिरवून बघितला, चारी पायांना स्क्रू मारले आणि करवत घेऊन बाहेर आलो. माझं काम संपलं होतं. मनात दुसरं काहीही नव्हतं. जमीन वाकडी असली की स्टुलाचे पाय कापायचे, हे मी इतक्या घरांत केलं होतं की हाताला ते विचारावं लागत नव्हतं.

प्रयोग सुरू झाला. मी प्रेक्षकांच्या मागे उभा होतो. तिथून खरी कललेली खोलीही दिसायची आणि वर टांगलेल्या मोठ्या पडद्यावर कॅमेऱ्यातली सरळ खोलीही. प्रसंग असा होता की चार जण भाड्याने घर बघायला आलेत आणि अक्का घरमालकीण. आधी चौघे आत आले. त्यांच्यातला एक नकलाकार होता, नावाजलेला. दार उघडून त्याने "वा, काय ऐसपैस" म्हणेपर्यंत तो समोरच्या भिंतीवर होता. बाकीचे तिघे त्याच्यावर. लोक खूप हसले. कुणी सरपटत वर यायचा, खुर्चीचा पाय धरायचा, सुटायचा.

मग अक्का आली, हातात किल्ल्यांचा जुडगा. पहिलं पाऊल टाकलं आणि तिचे डोळे मोठे झाले. हे नाटक नव्हतं. तिने मूठ दाराच्या कडीवर आवळली. दाजी माझ्या शेजारी होते, त्यांनी माझं मनगट धरलं. अक्काने इकडेतिकडे बघितलं, स्टूल दिसलं, कडी सोडली आणि दोन पावलांत त्यावर जाऊन बसली. बसली ती बसलीच. हात मांडीवर, पाठ ताठ, जणू बागेत बाकावर बसली आहे.

मग मी पडद्याकडे बघितलं. सगळी खोली सरळ, आणि स्टूल दाराकडे झुकलेलं. त्यावर अक्काही दाराकडे झुकलेली, इतकी की कुणीही पडलं असतं, आणि ती पडत नव्हती. बाकीचे चौघे नेमके उलट्या बाजूला घरंगळत होते. तिच्या हातातला जुडगा सरळ खाली लोंबायच्या ऐवजी तिरका लोंबत होता.

"घर मजबूत आहे," अक्का शांतपणे म्हणाली. "इतक्या वर्षांत इंचभर हललेलं नाही. तुम्ही का लोळताय?"

लोक हसू थांबवू शकेनात. मी आजवर इतकं हसणं ऐकलं नव्हतं. तिला स्वतःला काय झालंय ते माहीतच नव्हतं. ती खरंच सरळ बसली होती. त्या खोलीत सरळ बसलेली ती एकटीच होती आणि वाकडी दिसणारीही तीच.

नियमबाई मात्र उभी राहिली होती.

प्रेक्षक गेल्यावर आम्हाला सगळ्यांना खोलीपुढे बोलावलं. बाईने स्टुलावर गुण्या लावून दाखवला. काही बोलायची गरज नव्हती. निर्मात्याने मला विचारलं, "या तुमच्या बहीण ना?"

"हो."

"आणि स्टूल तुम्ही बसवलंत."

नकलाकार कोपर चोळत म्हणाला, "आमचाही भाऊ सुतार असता तर आम्हीही बसून खाल्लं असतं."

अक्काचा चेहरा पडला. ती माझ्याकडे वळली. "बाळ्या, माझ्यासाठी केलंस?"

"नाही गं. हात गेला."

"हात गेला म्हणजे?" निर्माता म्हणाला. "वीतभर पाय कापेपर्यंत कळलं नाही?"

मी पुन्हा तेच सांगितलं. खरं होतं ते इतकं साधं होतं की ते खोटंच वाटत होतं. दुभाषी मुलीने ते बाईला सांगितलं, आणि तिच्या तोंडून तर ते आणखीच खोटं वाटलं असणार. निर्मात्याने हळूच सांगितलं, असं असेल तर ताईंना घेता येणार नाही, बाकीच्यांवर अन्याय होतो. अक्का पर्स शोधायला लागली.

नियमबाई अजून त्या स्टुलाकडे बघत होती. रागावलेली वाटत नव्हती. तोंडात बोट घालून बघणाऱ्या मुलासारखी बघत होती. तिने काहीतरी विचारलं. दुभाषी म्हणाली, "बाई विचारतात, दुसरा एखादा सुतार मिळेल का? ज्याला यातलं काही ठाऊक नाही असा."

शेजारच्या स्टुडिओत एका मालिकेसाठी स्वयंपाकघर उभं राहत होतं. तिथे माझ्याच वयाचा एक सुतार होता. जगात जे काही दिसेल त्याचा काटकोन तपासायची त्याला खोड, म्हणून त्याचं नाव गुण्याच पडलं होतं. त्याला बोलावून आणलं. मला कोपऱ्यात उभं केलं, तोंड उघडायचं नाही अशी तंबी देऊन. जुनं स्टूल काढलं. त्याच मापाचं दुसरं नवं स्टूल त्याच्या हातात दिलं.

"हे आत त्या खुणेवर बसवून द्या," निर्माता म्हणाला.

"एवढ्यासाठी मला हातातलं काम टाकायला लावलंत?" गुण्या म्हणाला. मग त्याने खोली बघितली. "ही कुणी केली?"

निर्मात्याने नुसतं खुणेकडे बोट दाखवलं.

"विचारलं आपलं. नावं ठेवत नाही." तो भिंतीला धरत आत शिरला, तोंडाने काहीबाही पुटपुटत. स्टूल खुणेवर ठेवलं. मागे सरून बघितलं. मान एकदा इकडे केली, एकदा तिकडे केली. आणि मागच्या खिशातून पाणसळ काढली.

दुभाषी मुलीने तोंडावर हात ठेवला. गुण्याने पाणसळ स्टुलावर ठेवली, बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला, तसा त्याने जीभ टाळूला लावून आवाज काढला. डॉक्टर काढतात तसा. पेन्सिल काढून दोन पायांवर खूण केली आणि आमच्याकडे न बघता हात पसरला. "करवत आहे का कुणाकडे?"

आधी नकलाकार हसला. मग सगळेच. नियमबाई खाली स्टेजच्या कडेवर बसली आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागली.

गुण्या चिडला. "हसताय काय? खोली तुम्ही वाकडी केलीत, स्टूल तरी सरळ नको?"

निर्माता माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मिस्त्री, माफ करा." नकलाकाराने अक्काला स्वतःची खुर्ची दिली आणि म्हणाला, "ताई, ही सरळच आहे, बसा." माझ्यावरचा आळ तिथे गेला. पण अक्काचं काम त्याने झालं नव्हतं. नियमबाईचं म्हणणं असं होतं: आज जे हसू आलं ते स्टुलाचं होतं, या बाईंचं किती ते मला दिसलं नाही. उद्या पुन्हा प्रयोग घ्या, दुसरा प्रसंग घेऊन, स्टूल आराखड्याप्रमाणे लावून. मग ठरवू.

हे ऐकून अक्का उलट खूश झाली. "बरोबर बोलली," ती मला म्हणाली. "मला स्टुलाची उसनवारी नको."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दाजी मशीनवर होते. जुनी उशी उसवून त्यातला कापूस ते अक्काच्या कोटाच्या अस्तरात डाव्या बाजूला भरत होते.

"आयुष्यभर सरळ खोलीतल्या माणसांचे कपडे शिवले," ते म्हणाले. "आता ही नवीन मापं."

"एका बाजूने जाड दिसेन मी."

"दिस. मोडण्यापेक्षा बरं."

"मी नाही म्हणावं असंच तुम्हाला वाटतंय."

दाजींनी मशीन थांबवलं. "तसं असतं तर कापूस भरला असता का? तू घरात असलीस की मला शिवणकामात लक्ष देता येत नाही. जा बाई तू, कुठेतरी लाग."

अक्काने कोट त्यांच्या पुढ्यात सरकवला. मग तिने मला जवळ बसवलं. आता खोली तिने बघितली होती, तेव्हा विचारायला हरकत नव्हती. "बाळ्या, तिथे डोळे एक सांगतात आणि पाय दुसरंच. तू आत इतके दिवस काम केलंस. तू कुणाचं ऐकायचास?"

मी विचार केला. "कुणाचंच नाही. फार गरगरलं की दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहायचो. एक पाय बाहेरच्या सपाट फळीवर, एक आत. चौकट धरून. तिथूनच हुकूम सोडायचो, हे आण, ते दे."

"दारातून."

"हो."

"आत न येता."

"आत कशाला यायचं, काम होत होतं ना."

मी निघालो तेव्हा ती स्वतःच्याच घराच्या दारात उभी होती, एक हात चौकटीवर. दाजी आतून म्हणाले, "आत ये नाहीतर बाहेर जा, वारा येतोय." ती म्हणाली, "थांबा हो, बघतेय."

दुसऱ्या दिवशीचा प्रसंग होता आजारी माणसाला भेटायला आलेली नातलग मंडळी. नकलाकार आजारी. खालच्या भिंतीला टेकवलेल्या पलंगावर त्याला बरं होतं, घसरायला जागाच नव्हती. बाकीचे तिघे त्याच्यावर येऊन पडत, तब्येत विचारत, पुन्हा उठून वर चढत. लोक हसत होते. पण बरेचसे प्रेक्षक कालचेच, त्यामुळे हसण्यात ती धार नव्हती.

दार वाजलं. अक्का, अंगावर कोट, खांद्याला पर्स. ती दारातच थांबली. एक पाय बाहेर, एक आत, हात चौकटीवर.

"या ना आत," पलंगावरून नकलाकार म्हणाला.

"नाही, बसत नाही. निघालेच आहे. वाटेत होतं म्हणून डोकावले."

आणि ती बोलायला लागली. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाचा डॉक्टर कसा चुकला, ह्याच्यासारखाच चेहरा एकाचा झाला होता आणि तो मग कसा राहिला नाही. प्रत्येक गोष्टीनंतर "चला, निघते," आणि पुन्हा नवी गोष्ट. बाकीचे तिघे तिला आत घ्यायला चढत वर यायचे, हात पुढे करायचे, ती त्यांचा हात हातात घेऊन मायेने दाबायची आणि सोडून द्यायची. ते खाली. तिच्या लक्षातही यायचं नाही. "घाईत दिसतोय," एवढंच म्हणायची.

हे सगळ्यांच्या घरात झालेलं होतं. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका माणसाने बायकोला कोपर मारलं, "तुझी मावशी," आणि बायको म्हणाली, "माझी कशाला, तुमची आत्या."

सूत्रसंचालक माइकवरून म्हणाला, "पाहुण्यांना खुर्ची द्या."

"बसत नाही हो."

"पाहुण्यांना चहा द्या."

"आत्ताच झाला. बरं, आग्रहच आहे तर अर्धा." आणि कप घेऊन चढणारा मुलगा तिच्या बोटांपर्यंत पोचून परत गेला. "राहू दे, तुम्हाला अवघड होत असेल तर," अक्का म्हणाली.

मग सूत्रसंचालक म्हणाला, "दार लावा."

आता गंमत संपली असं मला वाटलं. दार लावायचं तर ती बाहेर तरी राहणार किंवा आत तरी येणार. बाहेर राहिली तर तिचं काम संपलं. आत आली तर तो उतार, आणि हाताशी काही नाही. स्टुलाकडे तिने बघितलंही नाही. दाजी खुर्चीच्या टोकावर आले.

अक्काने मागे वळून दार लावलं, हळूच, झोपलेलं मूल असावं तसं. मग जमिनीकडे बघितलं. कोट नीट केला. पर्स मांडीवर घेता येईल अशी पुढे घेतली. आणि उजव्या अंगावर भार देत, सावकाश, खाली बसली. पाय लांब केले. आणि तशीच घसरत निघाली. वेगात नाही, बोट धक्क्याला लागते तशी. बोलणं थांबलं नव्हतं. टेबलाजवळून जाताना टेबलाला म्हणाली, "वजन कमी झालंय हं तुझं." मधल्या मुलाला हाताने बाजूला सारलं. पलंगापाशी पोचली, फोमच्या भिंतीला खांदा टेकला, पर्स सरळ केली आणि नकलाकाराकडे बघून म्हणाली, "आता एवढा आग्रह करताय तर बसते. घटकाभर."

नकलाकाराला बोलायचं वाक्य होतं. ते त्याला आलंच नाही. तो पलंगावर उपडा होऊन हसत राहिला आणि लोळता लोळता पलंगावरून तिच्या मांडीवर आला.

मी नियमबाईकडे बघत होतो. तिला आपल्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता, आणि दुभाषी मुलगी इतकी हसत होती की सांगणार कोण. तरी बाई हसत होती. नंतर तिने एकच प्रश्न विचारला. ही बाई दारात का उभी राहते, हे इथल्या लोकांना न सांगता कसं कळलं? दुभाषीने तिला काय समजावलं ते मला माहीत नाही, पण बराच वेळ लागला. शेवटी बाई म्हणाली म्हणे, की आमच्याकडेही आहेत अशा, पण आम्ही त्यांना कधी या खोलीत पाठवलं नाही.

अक्काला घेतलं. चार जणांऐवजी पाच करून घेतलं, त्यामुळे कुणाला काढावं लागलं नाही. खेळ टीव्हीवर लागला तेव्हा तिला दर वेळी दारात उभं राहू द्यायचे. कधी ती वसुलीला आलेली असायची, कधी शेजारीण, कधी चुकीच्या घरात शिरलेली. रस्त्यात पोरं तिला हाक मारायची, "आजी, आत या," आणि ती म्हणायची, "बसत नाही रे." दाजींना दर वेळी नवा कोट शिवावा लागे, आणि ते कुरकुरत शिवायचे. ते कार्यक्रम बघत नसत. म्हणायचे, शिवण उसवली का एवढंच सांगा.

खेळ तीन वर्षं चालला. त्यात अक्का एकदाही पडली नाही. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तिला चालताना धाप लागायला लागली आणि डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं. उरलेले भाग तिने केले. दोन चित्रणांच्या मधे ती माझ्या कामाच्या बाकावर आडवी व्हायची आणि हाक आली की उठायची. खेळ बंद झाल्यावर ती घरीच होती, पण आधीसारखी घरात बसलेली नव्हती. भेटायला माणसं यायची आणि ती त्यांना हसवायची.

अक्का त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, एका मंगळवारी दुपारी झोपेत वारली. सत्तर वर्षांची होती. दाजी त्यानंतर चौदा महिन्यांनी गेले.